१५ लाखांत मराठी क्राइम थ्रिलर, रिअ‍ॅलिटी शोमधून गाजलेल्या मुलीची गोष्ट, ठाणे-नवी मुंबईत शूट करायचंय, सल्ला द्या

विटावा_रिटेक

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय आणि जरा लांबलंय.

मी कळव्यात राहतो. घोडबंदर रोडच्या पट्ट्यात मराठी मालिकांची शूटिंग चालतात तिथे काही वर्षं असिस्टंट डिरेक्टर म्हणून काम करतोय. आता स्वतःचा पहिला सिनेमा करायचाय, मराठी, साधारण दीड तासाचा, क्राइम थ्रिलर. माझे, बहिणीचे आणि दोन मित्रांचे मिळून १५ लाख आहेत, वर एक रुपया नाही आणि कर्ज काढायचं नाही हे चौघांनी ठरवलंय. कॅमेरा मित्राचा आहे, लेन्सेस भाड्याने घेऊ, शूट दोन-अडीच आठवड्यांत संपवायचं.

गोष्ट अशी. विटाव्याच्या चाळीतली मुलगी २०१८ मध्ये दहाव्या वर्षी गाण्याचा टीव्ही शो जिंकते, सगळीकडे तिचे बॅनर, आमदार-नगरसेवक घरी येऊन सत्कार, दहीहंडीला स्टेजवर गाणं, नवरात्रात बुकिंग. आता ती अठराची होतेय, आवाज बदललाय, नवीन सीझनची नवीन मुलं आलीत, ही लग्नाच्या संगीतला गाते आणि लोक अजून 'ती छोटी' म्हणून सेल्फी मागतात. तिचे कार्यक्रम पहिल्यापासून सांभाळणारा सख्खा मामा एका सकाळी खाडीकिनारी मेलेला सापडतो. त्याच्या फोनवरून शेवटचा कॉल हिला. दोन दिवसांत युट्यूबवाले तिलाच खुनी ठरवून मोकळे.

माझे प्रश्न. एक, खून कशासाठी हेच मला अजून पटलेलं नाही, आत्ता मी एका वेड्या फॅनचं ब्लॅकमेलिंग ठेवलंय पण ते शंभर वेळा बघितल्यासारखं वाटतं. दोन, शोचा सेट, दहीहंडीची गर्दी, चाहत्यांचा घोळका हे सगळं या पैशात कसं दाखवायचं. तीन, रात्रीची लोकेशन्स आणि परवानग्या. आणि सेन्सॉर, अनुदान याबद्दल कुणाला माहीत असेल तर तेही सांगा.

मला प्रसिद्धीचं जे वाईट होतं ते दाखवायचंय, मी सेटवर लहान मुलं आणि त्यांचे आईबाप रोज बघतो, ते मला झोपू देत नाही, म्हणून हाच विषय.

---

कोलशेत_कंट्रोलर

मित्रा, मी प्रॉडक्शन कंट्रोलर म्हणून मालिका आणि दोन-तीन छोटे सिनेमे केलेत, त्यामुळे पैशाचं आधी बोलतो.

शोचा सेट काढून टाक. स्क्रिप्टमधूनच काढ. एलईडी वॉल, परीक्षकांच्या खुर्च्या, शंभर ज्युनिअर आर्टिस्ट, हे एका दिवसात तुझे दोन-तीन लाख खाईल आणि तरीही पडद्यावर खोटंच दिसेल कारण लोकांनी खरे सेट टीव्हीवर बघितलेत. दहीहंडीचा स्टेजही नको. तुझी गोष्ट २०१८ च्या नंतरची आहे ना, मग उरलेलं दाखव. विटावा, कळवा, दिघ्याच्या चाळीत पावसाळ्याआधी लोक जुने फ्लेक्स पत्र्यावर ताडपत्री म्हणून टाकतात, तू तिथेच राहतोस, बघितलं असशील. त्या मुलीचा दहा वर्षांचा हसरा चेहरा शेजारच्या पत्र्यावर, वर विटा ठेवलेल्या, पाणी गळतंय. फ्लेक्स छापून घेणं हा या सिनेमातला सगळ्यात स्वस्त आर्टचा खर्च असेल, आणि दोन महिने आधी छापून गच्चीवर उन्हात टाकून ठेव म्हणजे रंग खरा उडेल.

लोकेशनचं. वागळे इस्टेटला नाहीतर रबाळे-महापे पट्ट्यात एक बंद पडलेला गाळा महिनाभर भाड्याने घे. त्या एका गाळ्यात पोलीस स्टेशन, मामाचं ऑफिस, युट्यूबवाल्याची खोली, रेकॉर्डिंग रूम असं सगळं उभं राहतं, पार्टिशन आणि रंग बदलत जायचा. सामान तिथेच, जेवण तिथेच, आर्टिस्टचे कपडे तिथेच. बाकीचं सगळं कळवा ते ऐरोलीच्या आत लिही. घोडबंदरला एक सीन, खारघरला एक सीन असं केलंस की दिवसातले चार तास टेम्पो ट्रॅफिकमध्ये, आणि माणसांना पैसे पूर्ण शिफ्टचे द्यावे लागतात.

रात्री येऊरला जायचं डोक्यातून काढ, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, वन खात्याची परवानगी लागते आणि बिबट्या तिथे खरा आहे. पाम बीच रोडवर गाड्या इतक्या वेगात असतात की रस्त्याच्या कडेला माणूस उभा करायला मी तयार होणार नाही. खाडीचंही तसंच, खाडीचा काही भाग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात येतो, ते २०२२ मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आलंय, कांदळवनात युनिट उतरवायचं तर वन खात्याच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागेल आणि एक फांदी तुटली तरी गुन्हा. प्रेत सापडण्याचा सीन दुसऱ्या कशातून दाखवता येतो का बघ.

परवानग्या गोरेगावच्या फिल्मसिटीच्या, म्हणजे महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाच्या एक खिडकी योजनेतून ऑनलाइन अर्ज करून मागता येतात. तरीही स्थानिक पोलीस स्टेशनला आणि ट्रॅफिकला स्वतः भेटून ये, माणूस ओळखीचा झाला की रात्री पोलिसांची गाडी आली तरी काम थांबत नाही. रेल्वे स्टेशनच्या हद्दीत रेल्वेची परवानगी वेगळी आणि महाग. सोसायटीत शूट असेल तर चेअरमनच्या तोंडी 'या हो' वर जाऊ नकोस, कमिटीचं लेखी पत्र घे, त्यात लिफ्ट, पार्किंग, किती वाजेपर्यंत हे सगळं लिहून घे.

आणि एक मनापासून सांगतो. मालिकांमध्ये कलाकारांना पेमेंट ९० दिवसांनी येतं हे तुला माहीतच आहे. तू जर त्या दिवशीचे पैसे त्या दिवशी पॅकअपला हातात दिलेस तर चांगले कलाकार कमी पैशात आनंदाने येतील, आणि तारखाही पाळतील. १५ लाखांतले निम्मे पैसे मी माणसांना ठेवीन.

---

घणसोली_फ्रेम

कंट्रोलर साहेबांचं बरोबर आहे पण परवानग्यांच्या नादात सिनेमा राहूनच जातो असं मी खूप मित्रांचं बघितलंय. फोन आहे, गिंबल (फोन स्थिर धरायचा स्टँड) आहे, दोन माणसं बरोबर घेऊन बेलापूर स्टेशनच्या त्या मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये, वाशीच्या मार्केटमध्ये पहाटे, सरळ जाऊन शूट करा. आजकाल प्रत्येक जण रील काढत असतो, कुणी बघतसुद्धा नाही. आणि गोष्ट सोशल मीडियाचीच आहे तर फोनचं फुटेज त्यात शोभून दिसेल.

---

कोलशेत_कंट्रोलर

मुलगी रस्त्याने चाललीय, रिक्षात बसलीय, तलावपाळीवर भेळ खातेय, याला कुणी काही म्हणत नाही हे मान्य. पण यांचा क्राइम थ्रिलर आहे. खोटं पिस्तूल, रक्त, भर रस्त्यात ओढाओढी, अंगावर पोलिसांची वर्दी, यातलं काहीही न सांगता सार्वजनिक ठिकाणी केलं तर बघणाऱ्याला ते खरंच वाटणार, कुणीतरी मध्ये पडणार, नाहीतर ११२ ला फोन करणार. मध्ये पडणारा माणूस चांगलाच असतो आणि मार आपल्या कलाकाराला बसतो. स्पॉटदादापासून हिरोइनपर्यंत प्रत्येकाची जबाबदारी तुझ्यावर आहे. शिवाय स्टेशनचं चोरून घेतलेलं फुटेज पुढे विकताना कुणी परवानगीचं पत्र मागितलं तर काय दाखवणार? हिंसेचे सगळे सीन गाळ्याच्या आत. बाहेर फक्त चालणं-बोलणं.

---

अ‍ॅड_वाशी_सेक्टर१७

मी वकिली करते, फौजदारी कामं जास्त, आणि सिनेमाची वेडी आहे, त्यामुळे हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

तुम्हाला मोटिव्ह शोधायला फॅनकडे जायची गरजच नाही, ते कायद्यात लिहिलेलं आहे. बालकामगार कायद्याखालचे नियम २०१७ मध्ये बदलले, त्यात टीव्ही-सिनेमात काम करणाऱ्या मुलांसाठी अटी आल्या. मुलाला त्या प्रॉडक्शनमधून किंवा कार्यक्रमातून जे उत्पन्न मिळेल त्यातलं किमान २० टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने फिक्स डिपॉझिटमध्ये टाकायचं, आणि ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतं. आता तुमची तारीख बघा. मुलगी २०१८ मध्ये दहा वर्षांची, म्हणजे नियम लागू झाल्यानंतरची. ती अठराची होते २०२६ मध्ये. तोपर्यंत खातं पालक बघतात, सज्ञान झाली की बँक तिची स्वतःची सही आणि केवायसी मागते. तुमच्या सिनेमाचा खरा पहिला सीन बँकेच्या काउंटरवर आहे. ती वाढदिवसानंतर हातात एफडीच्या पावत्या घेऊन जाते आणि काउंटरवरची बाई म्हणते या नंबरची पावती आमच्याकडे नाही.

पुढे बघा, त्याच नियमात असं आहे की जास्तीत जास्त पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती नेमायची, मुलाची काळजी आणि सुरक्षितता बघायला. भाची गाजल्यावर मामा याच कामात पडला असेल तर? शेजारपाजारची, क्लासमधली आणखी चार मुलं त्याने शोंमध्ये नेली, चार घरं त्याच्यावर विसंबून, चार घरी त्याच्याच हातच्या पावत्या. म्हणजे संशयित तुम्हाला बाहेरून आणायला नकोत. प्रत्येक जण आई नाहीतर बाप आहे आणि प्रत्येकाने स्वतःच्या मुलाचं बालपण त्याच्या हातात दिलंय.

पोलिसांचं काम नीट दाखवा ही कळकळीची विनंती, कारण १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदललेत आणि अजून लोक जुनंच लिहितात. 'ही आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवण्याचा जो सीन सगळे घालतात तो आता तसाच चालणार नाही, सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची असं आलंय. पण हद्दीचा गोंधळ पुढच्या तपासात राहतोच आणि तुमच्या भागात तो भरपूर आहे, विटावा ठाणे पोलिसांकडे, दिघा-ऐरोली नवी मुंबई पोलिसांकडे, ऐरोली पूल ओलांडून मुलुंडला गेलात की मुंबई पोलीस. एका खाडीभोवती तीन आयुक्तालयं. खाडीवर मध्ये अडथळा नसल्यामुळे फोन पलीकडच्या काठाचा टॉवरही पकडू शकतो, म्हणजे सीडीआरमध्ये (फोन कंपनीच्या कॉलच्या नोंदीत) ती मुलुंडला दिसते आणि प्रत्यक्षात विटाव्यात घरी झोपलेली असते. यावर एक पूर्ण सीन उभा राहतो.

प्रेताचा प्रश्नही इथेच सुटतो. झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग त्याच संहितेच्या कलम १०५ ने आता करावंच लागतं, त्यासाठी ई-साक्ष्य नावाचं अ‍ॅप आहे, हवालदाराच्या हातात फोन असतो. खाडीकिनारा तुम्ही फक्त त्या फोनच्या व्हिडिओत दाखवा, पंचांचे पाय, चिखलातली चप्पल, मामाच्या खिशातली ओली पावती, मागून साहेबांचा आवाज. हे कुठल्याही मोकळ्या चिखलाच्या प्लॉटवर होईल. पहिल्यांदा नोंद खुनाची नसते, अकस्मात मृत्यूची असते, पोस्टमॉर्टेमनंतर कलम बदलतं, तो मधला वेळ युट्यूबवाल्यांचा.

आणि हे सगळं तुम्हालाही लागू आहे बरं का. फ्लॅशबॅकला दहा वर्षांची मुलगी घेणार असाल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही, आणि तिच्या मानधनातले २० टक्के तिच्या एफडीत. ज्या गोष्टीवर सिनेमा करताय ती स्वतःच्या सेटवर पाळा.

शोचं नाव, लोगो, परीक्षकांची बोलण्याची लकब खऱ्या कार्यक्रमासारखी ठेवू नका. एआयने कुणा मोठ्या गायकाचा आवाज काढायचा मोह तर अजिबात नको, २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या बाजूने अशाच प्रकरणात अंतरिम आदेश दिलाय.

---

बूमवाला_ऐरोली

वकील ताईंची पोस्ट वाचून अंगावर काटा आला, खरंच.

मी साउंडचं बोलतो. तुमची नायिका गायिका आहे, म्हणजे हा सिनेमा ऐकायचा आहे. कॅमेरा मित्राचा आहे तर वाचलेले पैसे साउंडवर टाका. बूम (काठीवरचा माइक) धरणारा माणूस पूर्ण शूटभर हवा, नुसत्या कपड्याला लावायच्या लेपल माइकवर भागवू नका, कपड्याचा आवाज येतो आणि रडण्याच्या सीनला तर काहीच मिळत नाही. प्रत्येक खोलीत फ्रिज-पंखा बंद करून मिनिटभर शांतता रेकॉर्ड करून ठेवा, एडिटला तीच कामाला येते. गाळा घ्यायच्या आधी कामाच्या दिवशी दुपारी तिथे उभं राहून ऐका, शेजारी प्रेस मशीन असेल तर आयुष्यभर डबिंग करत बसाल. कळवा-विटावा म्हणजे लोकलचे हॉर्न येणारच, ते घालवायचा प्रयत्न करू नका, सीनमध्ये घ्या.

गर्दी दाखवायची नाही, ऐकवायची. यंदाच्या दहीहंडीला टेंभी नाक्याला, वर्तकनगरला रेकॉर्डर घेऊन फिरा, ढोल, शिट्ट्या, निवेदकाचा फाटलेला आवाज, सगळं साठवा. मात्र मागे वाजणारी फिल्मी गाणी त्यातून वगळायची, ती कुणाची तरी आहेत. मग सीनमध्ये फक्त स्टेजच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली मुलगी आणि बाहेर दहा हजार माणसांचा आवाज. एक खुर्ची, एक पडदा, एक लाइट.

गाण्याचं. जुनं भावगीत घालू, जुनं आहे म्हणून फुकट असेल असं समजू नका. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, आणि शब्द-चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे रेकॉर्डिंग सुटलं तरी चाल सुटलेली नसते. सरळ उपाय म्हणजे संत जनाबाईंचा एखादा अभंग घ्या आणि नवीन चाल लावून घ्या, शब्दांवर कुणाचा हक्क नाही. चाल लावणाऱ्याशी लेखी करार मात्र करा.

आता मला सुचलेली गोष्ट सांगतो, आवडली तर घ्या. शो जिंकल्यावर महापालिकेने त्या मुलीकडून स्वच्छतेचं गाणं गाऊन घेतलं. ते घंटागाडीवर लागलं. ती मोठी झाली, आवाज खाली आला, कुणी बोलवेना, पण रोज सकाळी सात वाजता घंटागाडी तिचाच दहा वर्षांचा आवाज वाजवत गल्लीत येते आणि ती कचऱ्याची बादली घेऊन खाली उतरते. मामा मेल्याच्या सकाळीसुद्धा ती गाडी येणार. तिला गाणं थांबवता येत नाही. एक ट्रॅक लागेल फक्त, एक लहान मुलगी दोन तास स्टुडिओत, आणि एक भाड्याचा टेम्पो रंगवून.

---

नौपाडा_तालीम

घंटागाडी नक्की घे रे. बाकी सगळं कापलं तरी चालेल.

मी नौपाड्यात मुलांची नाट्यशिबिरं घेते, हौशी-प्रायोगिक नाटकं करते, टीव्हीवर जाऊन आलेली मुलं माझ्याकडे आलीत, म्हणून माणसांबद्दल लिहिते, वकील बाईंनी कथानक दिलंच आहे.

मामाला राक्षस करू नकोस. तो माणूस स्टुडिओच्या बाहेर रात्री दोनपर्यंत तिचा डबा आणि स्वेटर हातात धरून उभा राहिलेला आहे. तिची शाळा बुडाली तेव्हा मुख्याध्यापकांसमोर हात जोडणारा तोच. त्याने नोकरी सोडली ती तिच्यासाठीच, आणि मग घर चालायला तिचेच पैसे लागायला लागले. २० टक्क्यांना पहिल्यांदा हात लावला तेव्हा तो परत टाकणारच होता. अशा माणसाचा खून झाला की प्रेक्षकाला कुणाच्याच बाजूने उभं राहता येत नाही, आणि थ्रिलरमध्ये मला तेच हवं असतं.

मुलगीही नुसती बिचारी नको. मी जवळून बघितलंय, अशा मुलांना टाळ्या हव्या असतात, मनापासून हव्या असतात, त्या गेल्या की आपलं काय चुकलं हे त्यांना कुणी सांगत नाही. ती रात्री स्वतःचा जुना व्हिडिओ उघडून खालच्या कमेंट वाचत बसते, आणि मामाच्या मृत्यूनंतर पुन्हा तिचं नाव सगळीकडे यायला लागतं तेव्हा एक क्षण, अगदी एकच क्षण, तिला बरं वाटतं. तो क्षण कॅमेऱ्यात पकडता आला तर प्रसिद्धीने काय केलं हे वेगळं सांगावं लागणार नाही. मला वाटतं तुझ्या सिनेमाचा गाभा खुनी कोण यापेक्षा तिथे आहे. तिचं काम करणारी मुलगी शोधताना नुसती गाणारी किंवा नुसती सुंदर बघू नकोस, जिला हा क्षण न लपवता करता येईल अशी बघ. एकांकिका स्पर्धांच्या प्राथमिक फेऱ्यांना जाऊन बस, फायनलला सगळे जातात. प्राथमिकला तुला अशी मुलं दिसतील जी वाईट संहितेतसुद्धा खरी वागतात.

आणि तालीम कर. सिनेमावाले तालीम करत नाहीत आणि मग सेटवर अख्ख्या युनिटला ताटकळत ठेवून सीन शोधतात, मोठ्या बजेटला ते परवडतं, तुला नाही. गाळा घेतलास की पहिले आठ-दहा दिवस कॅमेरा आणूच नकोस, कलाकार आणि तू, त्याच खोल्या, त्याच खुर्च्या. फोनवर शूट करून रात्री बघ. शूटच्या दिवशी दोन-तीन टेकमध्ये काम होईल आणि लाइटवाल्याला आधीच माहीत असेल कोण कुठे उभं राहणार. नाटकातली माणसं याचे जास्त पैसे मागत नाहीत, पण जेवण आणि जायचं-यायचं भाडं दे.

लहान मुलीला संपूर्ण गोष्ट सांगू नकोस. तिला फक्त गायचंय आणि हसायचंय एवढंच सांग. मात्र तिच्या आईला अख्खी स्क्रिप्ट वाचायला दे आणि आईला सेटवर मॉनिटरच्या मागे गर्दीत नाही तर मुलीला दिसेल असं बसव.

---

विटावा_रिटेक

सगळ्यांचे मनापासून आभार, काय बोलू कळत नाहीये. काल रात्री बसून फॅन, ब्लॅकमेल, शोचा सेट सगळं स्क्रिप्टमधून काढलं. बँकेचा काउंटर पहिला सीन झाला. घंटागाडी आली. ताई, तुम्ही मामाच्या डब्याचं लिहिलंत ते वाचून आमच्या सेटवरचा एक काका डोळ्यासमोर आला, नाव नाही घेत, तो खरंच असाच उभा असतो रोज.

गाळ्यासाठी रबाळ्याला उद्या रेकीला जातोय, बूमवाला दादा म्हणाले तसं दुपारी जाऊन ऐकून येणार.

एकच राहिलं, सेन्सॉर आणि अनुदान. अल्पवयीन मुलगी, खून, आत्महत्येचा एक उल्लेख आहे, याने ए (फक्त प्रौढांसाठी) सर्टिफिकेट मिळेल का?

---

डीआय_ठाणे_पश्चिम

मी पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये आहे, याचं उत्तर देतो.

२०२४ च्या नियमांपासून यूएचे (पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या सर्टिफिकेटचे) तीन भाग झालेत, यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून हिंसा पडद्याबाहेर ठेवलीत तर यूए १६+ साठी प्रयत्न करण्यासारखा सिनेमा आहे, आणि करायलाच हवा कारण ए सर्टिफिकेटचा सिनेमा टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही आणि मराठी सिनेमाला टीव्हीचे पैसे हा मोठा आधार असतो. आत्महत्या कशी केली हे दाखवू नका, उल्लेख पुरेसा आहे. मामाच्या हातात सिगारेट हवीच असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्याच्या सूचना आणि सीन चालू असताना खाली पट्टी लावावी लागते, माझं मत विचाराल तर सिगारेट काढा, तंबाखूलाही तोच नियम. चाळीत कुत्रा-बकरी कलाकार म्हणून वापरली तर प्राणी कल्याण मंडळाचं पत्र लागतं, तेही टाळता आलं तर टाळा. अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवरून होतो, आणि सर्टिफिकेट आता दहा वर्षांनी संपत नाही, २०२३ च्या दुरुस्तीने कायमचं झालंय. निर्णय पटला नाही तर पूर्वी अपिलाला वेगळं न्यायाधिकरण होतं ते २०२१ मध्ये बंद झालं, आता हायकोर्टातच जावं लागतं, ते तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही, म्हणून स्क्रिप्टच्या टप्प्यावरच विचार करा.

अनुदान राज्य सरकारच्या दर्जेदार मराठी चित्रपट योजनेत मिळतं, अ दर्जाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख. तुमच्या १५ लाखांच्या सिनेमाला हे ऐकून कुणालाही हुरूप येईल पण ते पैसे आज हातात आहेत असं धरून एक रुपयाही खर्च करू नका, सिनेमा पूर्ण होऊन सेन्सॉर झाल्यावर समिती बघते, गुण देते, मग पुढचं. त्यासाठी पहिल्या दिवसापासून बिलं, करार, टीडीएस सगळं कागदावर नीट ठेवा. रोजचे पैसे रोज द्या हे कंट्रोलरनी सांगितलं ते अगदी बरोबर, फक्त प्रत्येकाची सही घ्या.

पैशाची विभागणी करताना शेवटच्या टप्प्यासाठी किमान तीन लाख बाजूला काढून बहिणीच्या खात्यात ठेवा आणि शूट कितीही अडलं तरी काढू नका. रंगकाम (कलर ग्रेडिंग), साउंड मिक्स, डीसीपी (थिएटरला द्यायची डिजिटल प्रत), सेन्सॉरची फी, सबटायटल्स, हे सगळं शूटनंतर येतं आणि तिथेच असे सिनेमे हार्ड डिस्कमध्ये पडून राहतात. सबटायटल्स चांगल्या माणसाकडून करून घ्या, पुण्याचा पिफ असो की मुंबईचा मामी, या चित्रपट महोत्सवांच्या निवड समितीत मराठी न येणारी माणसं असतात. आणि हार्ड डिस्क तीन घ्या, तिन्ही वेगवेगळ्या घरी.

मला एक सांगा, स्क्रिप्ट स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर केलीय का? ऑनलाइन होतं, घरी बसून. इथे मोटिव्ह, घंटागाडी, पंचनाम्याचा व्हिडिओ सगळं उघड लिहिलं गेलंय, तर नवीन ड्राफ्ट आज रात्रीच टाका आणि टायटलचीही मराठी चित्रपट महामंडळात चौकशी करून बघा.

---

विटावा_रिटेक

जुना ड्राफ्ट रजिस्टर केला होता, नवीन नाही. आत्ता करतो.